पितृपक्षाच्या आधीचं जहाज

आमच्या घरात शेवटचा शब्द कोणाचा, तर पंचांगाचा. काचीगुड्याच्या घरी आई लोणचंसुद्धा दिवस बघून घालते. मग सिंगापूरचं जहाज बिनापंचांगाचं कसं सुटणार?

साल नव्याण्णव. मला कंप्युटरच्या कंपनीत लागून दोन वर्षं झाली होती आणि हातात पहिल्यांदाच उधळायला पैसे होते. मलकपेठच्या तारामतीकाकूंकडे आईनं एका जहाजाचं रंगीत पत्रक पाहिलं. जहाजाच्या गच्चीवर निळाशार तलाव आणि काठावर पाय सोडून बसलेली एक बाई. "असं एकदा पाण्यात पाय सोडून बसावं गं, मनीषा. कोणी हाक न मारता," आई म्हणाली. सगळ्यांची पानं वाढून मग उरलंसुरलं खाणारी माझी आई! जन्मात तिनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, नेणार म्हणजे नेणार. बाबा म्हणाले, "तुम्ही दोघी जा, मला माझी खुर्ची बरी."

सिकंदराबादचा एजंट बिचारा सरळ माणूस. "दिवाली में जाओ मॅडम," तो म्हणाला. "अभी जहाज काम को जारा, पूरा नया होके आता." मी आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली.

"दिवाळीत घराला कुलूप? दिवा कोण लावणार, तुझा बाप?"

नवरात्रात घट बसलेले, म्हणजे तेही नक्को. पितृपक्षात तर चपलासुद्धा घ्यायच्या नाहीत, समुद्र कसला ओलांडता! उरले ते गौरी गेल्यावर आणि पितृपक्ष लागायच्या आधीचे चार-सहा दिवस. दुरुस्तीला जाण्याआधीची जहाजाची शेवटची फेरी नेमकी त्यातच होती. मलाही वाटलं, काम म्हणजे काय, रंगबिंग देत असतील. स्वस्तही पडत होतं. घेतली तिकिटं, सिंगापूरपर्यंत विमानाची आणि तिथून जहाजाची.

आता त्या जहाजाचं काय सांगू! आत शिरलो तर गालिचे गुंडाळून भिंतीला टेकवलेले. लिफ्ट बंद. मोठ्या दालनातलं झुंबर उतरवून चादरीत बांधलेलं. आम्ही जेवत होतो आणि दोन माणसं आमच्या डोक्यावरून टेप धरून भिंत मोजत होती. आईनं पहिल्या दिवसासाठी ठेवणीतली नारायणपेठी नेसली होती. तिचा पदर कुठे रंगाला लागू नये म्हणून ती सबंध वेळ तो हातात गोळा करून बसली. मला इतकी लाज वाटत होती, की मी वाढणाऱ्या पोरावर उगाच खेकसले. त्याचा काय दोष मेल्याचा?

"आई, गच्चीवर जाऊ. तलाव बघू," मी म्हटलं. तेवढा तरी असेल.

तलाव होता. पाणी नव्हतं. तळाला रंगाचे डबे, पोती आणि एक मोडकी शिडी. आईनं दोन मिनिटं पाहिलं, मग चपला काढल्या, काठावर बसली आणि कोरड्या खड्ड्यात पाय सोडले.

"काढ फोटो," ती म्हणाली. "वरचाच घे. कमरेच्या वरचा."

मी काढला. फोटोत आई हसतेय, मागे खराखुरा समुद्र आहे. खाली काय आहे ते दिसत नाही.

परतीच्या विमानात मी म्हटलं, "चुकलंच माझं, आई." ती म्हणाली, "समुद्र पाहिला की नाही? मिळालं त्याला नावं ठेवू नयेत." आणि खिडकीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं.

नवरात्रात आमच्याकडे हळदीकुंकू झालं. आल्यागेल्या बायकांच्या हातात तो फोटो आणि आईच्या तोंडाचा पट्टा सुरू. "पाणी असं निळं, काय सांगू! कोमट. पाय सोडले की गुदगुल्या होतात. सगळं पोरीनं केलं हो, मला काडी हलवू दिली नाही." बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या आणि हातातलं ताट टाकून पळून जावं असं मला वाटत होतं. तेवढ्यात तारामतीकाकू म्हणाल्या, "असं असेल तर आम्हीपण दिवाळीत जातो. त्याच जहाजानं!"

मी आईला स्वयंपाकघरात ओढलं. "कशाला फेकलीस एवढी? आता त्या जाऊन बघतील ना!"

"मग काय सांगू? पोरीनं हौसेनं नेलं आणि खड्डा दाखवला?" आईचा आवाज एकदम बसला. "आणि पंचांग काढून मीच बसले होते ना? तुझं नाव कशाला घालवू?"

मी चहा ओतायला घेतला.

दिवाळीनंतर तारामतीकाकू मिठाईचा डबा घेऊन थेट घरीच आल्या. मी दार उघडलं. आता निघणार आमची अब्रू, म्हटलं. पण बाई खुर्चीवर टेकायच्या आत बोलायला लागल्या. "सावित्रीबाई, तुम्ही सांगितलंत ते शब्द न् शब्द खरं! काय ते गालिचे, काय ते झुंबर! आणि तलाव तर विचारूच नका."

हुश्श झालं मला. अहो, जहाज नवं होऊन आलं होतं. आईचं खोटं महिन्याभरात आपोआप खरं झालं होतं. मी हसत आईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती पुढे सरकून काकूंच्या तोंडाकडे बघत होती.

"तुम्ही पाय सोडलेत पाण्यात?" तिनं विचारलं.

"मग! तासभर बसले."

"कसं वाटलं?"

"अय्यो, मला काय विचारता? तुम्हीच तर सांगितलं होतंत!"

"तरी सांगा ना," आई म्हणाली.

काकू सांगत सुटल्या. पाणी कोमट नव्हतं म्हणे, चांगलं गार होतं, आधी अंगावर काटा यायचा आणि मग उठावंसंच वाटायचं नाही. आई मान डोलावत ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिनं आपले पाय हळूच पातळाखाली ओढून घेतले.

"हो, गारच होतं," ती म्हणाली. "मीच विसरले."

मला तिथं उभं राहवेना. काकूंना पाणी आणते म्हणून मी आत गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले.