मागे हसणारी बाई

मास्तरांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले, पात्रं, संघर्ष आणि दारिद्र्य, आणि वर्गाचे तीन गट पाडले. पात्रांच्या गटात जायला झुंबड उडाली. संघर्षालाही बरी गिऱ्हाइकं मिळाली. दारिद्र्याच्या गटात मात्र कुणी जाईना, तेव्हा जी पोरं उशिरा आली होती त्यांना मास्तरांनी तिकडे ढकललं. सिनेमा शिकवणाऱ्या त्या कॉलेजात हे असंच चालायचं. यंदा अभ्यासाला झोपडपट्टीवरचा एक सिनेमा होता. तो चांगला असणार, कारण त्याला परदेशात बक्षीस मिळालं होतं आणि इथे तो कुणी पाहिलेला नव्हता.

मागच्या दाराशी फरशी पुसायची काठी धरून मुकादमीण उभी होती. तास संपला की खुर्च्या सरळ करून तिला फरशी पुसायची असे, आणि मास्तरांचा तास वेळेवर संपला असं कधी घडलं नव्हतं. मुकादमीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. सात वर्षांपूर्वी तिच्या गल्लीत शूटिंगला आलेल्या सिनेमावाल्यांनी ते तिला चिकटवलं होतं. गर्दीला लागणारी माणसं गोळा करून आणायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून मुकादमीण. आधी गल्लीतले सगळे ते कौतुकानं म्हणायचे. पुढे त्याच तोंडांनी ते शिवीसारखं म्हणू लागले.

पडद्यावर गल्ली आली तेव्हा तिनं आधी नळ ओळखला. तोटीला चिंधी बांधलेली होती, आणि ती चिंधी तिच्याच नवऱ्याच्या शर्टाची होती. तोच हा सिनेमा. मग घरं पाडायचं पिवळं यंत्र आलं, माणसं ऊर बडवत बाहेर धावली, व्हायोलिनं सुरू झाली, आणि नेमकं तिथे मास्तरांनी चित्र थांबवलं.

"डाव्या कोपऱ्यात बघा," ते म्हणाले. "घरं पडतायत, सगळे रडतायत, आणि मागे ही एक बाई हसतेय. का?"

एका देखण्या पोरानं सांगितलं की ही दिग्दर्शकाची चूक आहे, गर्दीतल्या बायकांना नीट समजावलेलं नाही. दुसऱ्यानं सांगितलं की उपाशी माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. मास्तरांनी दोघांनाही हातानंच खाली बसवलं. गरिबी माणसाचं रडणंसुद्धा हिरावून घेते, ते म्हणाले, आणि मग तो नियतीकडे पाहून हसतो. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. दारिद्र्याच्या गटातली एक चष्मेवाली तेवढी म्हणाली की सर, बाई नुसती हसत नाहीये, हसत हसत कुणाला तरी हाका मारतेय. मास्तर म्हणाले, आवाज काढून व्हायोलिन घातलंय, तेव्हा ती काय म्हणतेय याला महत्त्व नाही.

मुकादमिणीला ती काय म्हणत होती ते पाठ होतं. चला बाहेर, परत घेतायत, हात रिकामे ठेवा.

पण ती स्वतःच्या तोंडाकडे फार वेळ बघत नव्हती. हसणाऱ्या बाईच्या खांद्यामागे एक दार होतं. दारावर सरकारी मोजणीवाल्यांनी लाल रंगात घातलेला आकडा होता, सत्तेचाळीस, आणि दारात तिची थोरली जाऊ रिकाम्या हातांनी उभी होती.

झालं होतं ते असं. सिनेमावाल्यांनी गल्लीच्या टोकाला फळ्यांची आणि जुन्या पत्र्यांची दोन खोटी घरं उभारली आणि यंत्रानं ती पाडायचं ठरवलं. गल्लीतल्यांनी काय करायचं, तर रिकाम्या हातांनी बाहेर यायचं आणि रडायचं. सामान हातात दिसलं तर दुःख कमी वाटतं म्हणे. पहिल्या खेपेला साहेब झालेल्या नटाची मिशी एका बाजूनं सुटली आणि मुकादमिणीला हसू फुटलं. पुन्हा घरं उभारा, पुन्हा पाडा. तीनदा तिच्यापायी घेतलं. दिग्दर्शकानं तिला सगळ्यांदेखत झापलं आणि जाताना सांगितलं की बहुतेक उद्या परत घ्यावं लागेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र आलं. यंत्र वेगळं होतं, साहेब वेगळा होता, त्याची मिशी पक्की होती. पाडापाडीच्या नोटिसा भिंतीवर होत्याच, पण त्या दर वर्षी लागायच्या, आणि त्यांच्याकडे बघायची सवय कधीच मोडली होती. मुकादमिणीनं दारोदार जाऊन सगळ्यांना बाहेर काढलं. सिनेमावाले आवराआवर करत होते. त्यांचा कॅमेरा अजून उभा होता आणि दिग्दर्शकानं तो चालू केला. त्याला ठाऊक होतं की नाही देव जाणे, पण बंद करा असं काही तो म्हणाला नाही. पडद्यावर जे रडणं दिसत होतं ते शिकवलेलं रडणं होतं. खरं रडणं दहा मिनिटांनी सुरू झालं, आणि ते सिनेमात नाही.

सत्तेचाळीस नंबरात एक पत्र्याची पेटी होती. थोरलीचे सगळे कागद तिच्यात होते. पेटी घराबरोबर गेली. ज्यांनी कागद दाखवले त्यांना पुढे इमारतीत खोल्या मिळाल्या. मुकादमिणीचे कागद ओळख पटवायला म्हणून सिनेमावाल्यांच्या कचेरीत जमा होते. ते वाचले आणि तिला खोली मिळाली. थोरली नाल्याकाठी ताडपत्रीखाली गेली. तिसऱ्या वर्षी तिथेच खोकून खोकून तिचा नवरा गेला, म्हणजे मुकादमिणीच्या नवऱ्याचा सख्खा भाऊ.

तुला आधीच माहीत होतं, असं थोरली म्हणाली होती. स्वतःचे कागद हलवलेस आणि आम्हाला हसत हसत बाहेर काढलंस. मुकादमिणीनं मुलीची शपथ घेऊन सांगितलं की मी हसले नाही, मी यंत्रापुढे हात पसरून उभी राहिले. ती खोटं बोलत नव्हती. तिला ते तसंच आठवत होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

आता शपथ चांगली दहा फूट लांबरुंद होऊन भिंतीवर हसत होती.

तास संपला. तिनं फरशी पुसली, फळा पुसला. खोलीसाठीची थोरलीची फाईल सात वर्षं सरकारी कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, हे तिला नवऱ्याकडून कळत असे. सत्तेचाळीस नंबरचं घर तिथे होतं याचा पुरावा आणा, एवढंच ते मागत होते, आणि या महिन्याअखेर जुन्या फायली बंद व्हायच्या होत्या. पुरावा तर आताच तिच्या डोळ्यांपुढून गेला होता. घर, आकडा, यंत्र, दारात थोरली, सगळं एकाच चित्रात. पण ते चित्र द्यायचं तर त्यातली हसणारी बाईही द्यायला लागणार होती. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, गप्प बस, शपथ घेतलीयस ना. दोन दिवस ती गप्प बसली. स्वतःचाच तिला राग येत होता, आणि त्या रागात तिनं एक बादली फोडली.

तिसऱ्या दिवशी तिनं चष्मेवालीला जिन्यात गाठलं आणि ते चित्र कागदावर छापून मागितलं. कशाला हवंय असं पोरीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ती मी आहे." चष्मेवाली दोन पायऱ्या खाली आली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं घाईघाईनं वही काढली आणि मावशी, तुम्ही का हसत होता, असं विचारलं. वर्गात नियतीबद्दल जे ठरलं होतं ते ठीकच आहे, असं मुकादमिणीनं सांगितलं. चित्र मात्र पोरीनं चांगलं मोठं छापून आणलं.

नाल्याकाठच्या ताडपत्रीत उभं राहता येत नव्हतं, म्हणून दोघी बाहेर उकिडव्या बसल्या. थोरलीचे केस पार पांढरे झाले होते. तिनं चित्र घेतलं, आधी दार पाहिलं, आकड्यावरून बोट फिरवलं. दारातल्या स्वतःकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग बोट सरकलं.

"हसतेयस."

"हो."

"मुलीची शपथ घेतली होतीस."

"मला आठवतच नव्हतं, जाऊबाई. परवा बघितलं तेव्हा कळलं." आणि तिनं सगळं सांगितलं. तीनदा तिच्यापायी घेतलं होतं, म्हणून परत आलेत असं वाटलं. नव्या साहेबाची मिशी बघून, आता बरी चिकटवली मेल्यानं, असं मनात आलं आणि हसू आलं. तिला बोलताना धाप लागली. सात वर्षांत थोरलीशी एवढं ती पहिल्यांदाच बोलत होती.

थोरलीनं चित्र मांडीवर पालथं ठेवलं. मग तिनं विचारलं, "त्या नटाची मिशी खरंच सुटली होती का गं?"

"ओठावर लोंबत होती. सुरवंटासारखी."

थोरलीच्या गालाचा एक कोपरा हलला. हसली असं म्हणता येणार नाही. पण उद्या कचेरीत येशील का, असं तिनं विचारलं, आणि मुकादमीण रस्ताभर डोळे पुसत घरी आली.

कचेरीतल्या बाकावर थोरलीनं पिशवी मांडीवर घेऊन तिला जागा करून दिली. बाटलीतलं पाणी दिलं. आत साक्षीला आधी मुकादमिणीला एकटीला बोलावलं तेव्हा थोरली हळूच म्हणाली, "मला सांगितलंस तेच सांग. घाबरू नकोस."

कचेरीतले साहेब दुष्ट नव्हते. दमलेले होते. त्यांनी चित्र उजेडाकडे धरलं, आकडा मोजणीच्या यादीशी ताडून पाहिला आणि मान हलवली. मग म्हणाले की अडचण एकच आहे, चित्र सिनेमातलं आहे. त्या सिनेमावाल्यांनी तिथे खोटी घरं बांधायची परवानगी घेतली होती, तो कागद याच फाईलला लावलेला आहे. हे घर खोट्यांपैकी नाही कशावरून? आणि ही बाई हसतेय. स्वतःची गल्ली पडताना कुणी हसतं का?

"ती मीच, साहेब. मला वाटलं शूटिंग आहे, म्हणून..."

"थांबा." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे मी लिहिलं तर फाईल इथेच संपली. साक्षीदारालाच ते सगळं खोटं वाटलं होतं, असा त्याचा अर्थ होतो. वरचे पुढचं वाचतसुद्धा नाहीत."

घर खरं होतं, ती म्हणाली. घरं पाडायला आलेलं पथकही खरं होतं. वाटलं तेवढं चुकीचं होतं. साहेबांनी तिचं ऐकून घेतलं. मग शांतपणे सांगितलं की वाटलं हा शब्द आला की वरचे फाईल परत पाठवतात, आणि या महिन्यानंतर परत पाठवायलाही फाईल राहणार नाही. पथक खरं आहे, घर खरं आहे, हे त्या वेळी ज्याला पक्कं ठाऊक होतं असा माणूस त्यांना हवा होता. आणि चित्र फाईलला लागणार, तेव्हा तो माणूस का हसत होता तेही लिहावं लागेल.

भिंतीवरचा पंखा फिरत होता. मुकादमिणीनं विचारलं, "हे कागदावरच राहील ना?"

"अर्जदारासमोर वाचून दाखवावं लागतं. नियम आहे."

दाराच्या काचेतून थोरलीचं पांढरं डोकं दिसत होतं. बाकावर मुकादमिणीची जागा तिनं पिशवी ठेवून राखली होती. मागाहून तिला खरं काय ते सांगता येईल, असं मुकादमिणीच्या मनात आलं. पण आधी शपथ, मग कालची ती मिशीची गोष्ट, आणि त्यावर आता आणखी एक. तिसऱ्यांदा सांगितलेलं खरं कुणी खरं मानत नाही, हे तिला चांगलं कळत होतं. तिच्या आयुष्यात कधी नव्हे ते कुणी तरी तिच्यासाठी जागा धरून बसलं होतं. ती जागा मोडायला तिचा जीव होत नव्हता, पण ती राखायची तर थोरलीची खोली जात होती.

"लिहा," ती म्हणाली आणि सांगत गेली.

मग थोरलीला आत बोलावलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि तिनं मुकादमिणीकडे पाहून धीर द्यावा तशी मान हलवली. साहेबांनी वाचायला सुरुवात केली. सत्तेचाळीस नंबरचं घर अर्जदाराचं होतं. ते माझ्यासमोर पाडलं. पथक सरकारी होतं आणि ते येणार हे मला आधीपासून माहीत होतं. मी लोकांना सामान न घेता बाहेर यायला सांगितलं. चित्रात हसणारी बाई मीच आहे. माझे कागद सुरक्षित होते म्हणून मी हसत होते.

थोरलीनं एकदाच मुकादमिणीकडे पाहिलं, आणि मग टेबलावरच्या चित्राकडे. मुकादमिणीनं नजर फरशीकडे वळवली. फरशी नीट पुसलेली नव्हती.

साहेब म्हणाले की आता काम होईल, खोलीचं पत्र पंधरवड्यात येईल. फक्त एक रकाना राहिला होता. नातेवाइकाची साक्ष चालत नाही, म्हणून तो भरावा लागतो.

"या बाईंचं तुमचं नातं काय?" त्यांनी थोरलीला विचारलं. "आडनाव एकच दिसतंय."

"आडनावं काय, शंभर जणांची एकसारखी असतात," थोरली म्हणाली. "ही माझी कुणी नाही."

साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि कागद सहीसाठी मुकादमिणीपुढे सरकवला.