चांगला हात

शालूबाईनं दोन्ही रिपोर्ट काउंटरच्या काचेवर आपटले. एक तिचा, एक येसूचा. काउंटरवरच्या मुलीनं मान वर केली नाही. तिनं नुसतं नंबर घेऊन बसायला सांगितलं.

"नंबर लावायला मी दळण घिऊन आले न्हाई," शालूबाई म्हणाली. "आमच्या कारखान्यात मशीन घिऊन आलती त्या पोरीला बोलवा. चैताली का कोन ती."

खुर्च्यांवर बसलेली चार माणसं वळून बघू लागली. बघेनात का. कामावर खाडा करून, भाज्याहून कार्ल्याच्या फाट्यापर्यंत चालत आणि तिथून जीपमध्ये कोंबून घेऊन ती सोमाटण्याला आली होती ती गोड बोलायला नव्हे. तपासणी केंद्र नवंकोरं होतं. फरशी इतकी चकचकीत की चप्पल काढावी की नाही असा प्रश्न पडावा. शालूबाईनं मुद्दाम काढली नाही.

लोणावळ्यातल्या चिक्कीच्या कारखान्यात ती अकरा वर्षं लाटायच्या टेबलावर उभी होती. गुळाचा पाक आणि दाणे टेबलावर ओतले की ते गरम आहेत तोवर जड लाटण्यानं लाटून घ्यायचे. दोन मिनिटं उशीर झाला की त्याचा दगड होतो आणि मुकादमाची बोलणी खावी लागतात. लाटायला दोन्ही हात आणि अंगाचा सगळा भार. वड्या पाडायला मात्र उजवा. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. पुढं मुंग्याही गेल्या आणि नुसतं बधिरपण उरलं. कपबशी हातातून सुटायची. भाकरी भाजताना तव्याचा चटका बसला ते कातडी लाल झाल्यावरच कळायचं.

आणि असं होणारी ती एकटी नव्हती. बायकांनी फार कुरकुर केली तेव्हा शेठनं शिबिर भरवलं. मनगटातल्या शिरेचं चित्र काढणारं मशीन आलं. चित्र बघून शीर दबलीय की नाही ते कम्प्युटरच ठरवतो, डॉक्टरसुद्धा लागत नाही, असं सांगितलं गेलं. ज्या बाईचा रिपोर्ट लाल येईल तिला पॅकिंगच्या टेबलावर बसवायचं आणि तिचं औषधपाणी कारखान्यानं करायचं. हिरवा येईल तिनं गुमान लाटायचं. एकतीस बायकांची तपासणी झाली आणि एकतीसच्या एकतीस हिरव्या निघाल्या. मारुती मुकादमानं ती यादी भिंतीवर डकवली आणि वर भाषण ठोकलं, की माणसाला फसवता येतं, मशीनला नाही. त्या दिवसापासून कुणी बाईनं नुसता हात झटकला तरी तो लांबून विचारायचा, "हिरवाच हाय ना?"

खोटारडं म्हणवून घ्यायची सवय शालूबाईला नव्हती. नवऱ्याकडून नाही, सासूकडून नाही, आणि एका डबड्याकडून तर मुळीच नाही.

पण तिचा खरा भडका उडाला तो येसूमुळं. येसू भाज्याच्या वरच्या वाडीवरची, सव्वीस वर्षांची, विचारलं तरच बोलणारी. बोटं धरत नाहीत, मला पॅकिंगला बसवा, असं तिनं मारुतीला दोनदा सांगितलं. त्यानं दोन्ही वेळा भिंतीवरच्या यादीकडं बोट दाखवलं. आठच दिवसांनी पाकाचं पातेलं उचलताना तिची बोटं सुटली आणि उकळता पाक डाव्या पावलावर सांडला. पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, तो चिकटून बसतो. तो काढताना काय काय निघालं ते शालूबाईनं डोळ्यांनी पाहिलं. मारुती म्हणाला की वाडीवरच्या बायकांचं कामात लक्षच नसतं. शालूबाई त्याच्याशी भांडली तेव्हा तो हसून म्हणाला, की माझ्याशी कशाला भांडता, मशीनशी जाऊन भांडा. म्हणून ती मशीनशी भांडायला आली होती.

चैताली बाहेर आली. चोवीस-पंचवीसची, निळा कोट, गळ्यात ओळखपत्र. तिनं रिपोर्ट पाहिले आणि मऊ आवाजात समजावलं, की दोन्ही नॉर्मल आहेत, ही तर आनंदाची गोष्ट आहे.

"आनंदाची," शालूबाई म्हणाली. तिनं उजवा तळवा उताणा करून त्या मुलीच्या नाकासमोर धरला. "हितं बघ. कागदात नको बघू. हितं."

अंगठ्याच्या बुडाशी जिथं मांस हवं तिथं खड्डा होता. चैतालीनं आपल्या अंगठ्यानं तिथं दाबून पाहिलं, मग डाव्या हातावर तीच जागा दाबून पाहिली. तिचा चेहरा बदलला. ती शालूबाईला आतल्या खोलीत घेऊन गेली.

स्क्रीनवर दोन काळी-करडी चित्रं उघडली. चैतालीनं समजावून सांगितलं. प्रत्येक माणसाची शीर मुळातच कमीजास्त जाड असते. म्हणून हे मशीन आधी त्या माणसाचा दुखणं नसलेला हात बघतं, त्याचंच माप धरतं आणि दुसऱ्या हाताची शीर त्या मापाशी ताडून बघतं. फुगलेली दिसली तर लाल, नाहीतर हिरवं.

"म्हणून स्क्रीनवर पहिला प्रश्न तोच येतो, चांगला हात कोणता. मी तो तसाच वाचून दाखवते. तुम्ही उजवा दिलात, मावशी."

"मंग चांगला हात कंचा असतो? डावा?"

चैतालीचा माऊसवरचा हात थांबला.

चांगला हात म्हणजे उजवा. देवळात प्रसाद घेताना पोरानं डावा पुढं केला की आई त्याला हेच सांगते, बाळा, चांगला हात. हळदीकुंकू चांगल्या हातानं, वाण चांगल्या हातानं, मोठ्या माणसाला पाण्याचा तांब्या चांगल्या हातानं. चैतालीच्याही आईनं तिला हेच शिकवलं असणार. पण प्रश्न ज्यानं मराठीत लिहिला तो कुठल्या गावी बसून लिहीत होता देव जाणे, आणि मशीनला तर आईच नव्हती. त्यानं मेलेला हात निरोगी धरला, दुसरा हात त्याहून वाईट नाही असं पाहिलं आणि हिरवा शिक्का मारला.

चैतालीनं दोन बटणं दाबून चित्रांची अदलाबदल केली. कोपऱ्यातला चौकोन लाल झाला.

शालूबाईला वाटलं होतं की आपलं खरं ठरलं की बरं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट अंगाची आग झाली. दोन बटणं. दोन बटणांसाठी एका पोरीचं पाऊल भाजलं. चैताली बोलत होती, की हे डॉक्टरांना सांगावं लागेल, सगळे रिपोर्ट परत काढावे लागतील, मलाही जाब विचारतील. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, की इतक्या बायका होत्या, एखादीनं तरी विचारायचं होतं, कुठल्या अर्थानं चांगला.

"एकतीस बायकांचे हात धरलेस तू," शालूबाई म्हणाली. "त्यातला येक तरी बघितलास का?"

चैतालीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शालूबाईला तिची दया आली नाही. दया नंतर येते, सवड मिळाली की.

"आता येसूचा काढ."

चैतालीनं येसूचं नाव टाकलं. चित्रं आली. खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं, ते तिनं पुढं वाकून दोनदा वाचलं.

"ह्यांनी आधी डावा सांगितला होता," ती म्हणाली. "अकरा बेचाळीसला नोंद आहे, चांगला हात डावा. बरोबर सांगितलं होतं की. आणि पुढच्याच मिनिटाला खोडून उजवा केलाय." ती आठवू लागली. "मी आपल्या मनानं बदलत नाही. रांगेतलं कुणी काही बोललं होतं का, मावशी? तुम्ही होता ना ह्यांच्यामागं?"

होती. शालूबाई येसूच्या अगदी मागं उभी होती. चैतालीनं विचारलं, चांगला हात कोणता, आणि येसूनं डावा पुढं केला. शालूबाईला तेव्हा लाज वाटली होती, शहरातल्या पोरीसमोर आपल्या टेबलावरची बाई डावा हात पुढं करते म्हणून. नातवाला देते तशी तिनं येसूच्या हातावर चापट दिली होती. म्हणाली होती, "डावा काय देतीस? चांगला हात दे. वाडीवरच्यांना येवडंबी कळत न्हाई." बाकीच्या बायका हसल्या होत्या. शालूबाईसुद्धा हसली होती. येसूनं डावा हात मागं घेतला आणि उजवा पुढं केला. एकतीस बायकांत एकटीला प्रश्न कळला होता, आणि ती ही होती.

"ठाव न्हाई," शालूबाई म्हणाली आणि कागद गोळा करून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाडी चढली. कमरेला चैतालीनं चित्रं बदलून काढून दिलेला येसूचा नवा, लाल रिपोर्ट खोचलेला होता. चढताना ती मनातल्या मनात एकेकाला झोडत होती. मारुतीला झोडलं, शेठला झोडलं, तो प्रश्न लिहिणाऱ्याला त्याच्या सात पिढ्यांसकट झोडलं. सगळे त्याच लायकीचे होते, त्यात काही खोटं नव्हतं. तरी दर वळणावर ती चापट आठवायची आणि शिवी अर्ध्यात तुटायची. शेवटच्या चढाला तिनं ठरवलं, की ते सांगायचं नाही. सांगून काय होणार, पाऊल थोडंच बरं होणार. पोरीला आठवतही नसेल.

येसू अंगणात बसली होती. पट्टी बांधलेला पाय पुढं पसरलेला, मांडीवर सूप, सुपात वालाच्या शेंगा. ती डाव्या हातानं शेंगा सोलत होती. शालूबाईला बघून उठायला गेली. शालूबाईनं तिला दटावून बसवलं आणि समोर दगडावर टेकली.

मग तिनं सगळं सांगितलं. मशीन कसं चुकलं, प्रश्नच कसा वाकडा होता, सगळ्या बायकांनी उजवा कसा दिला. आता रिपोर्ट लाल झालाय, कारखान्याला औषधपाणी करावंच लागेल, पॅकिंगला बसवावंच लागेल, आणि मारुतीनं तोंड उघडलं तर त्याचं तोंड ती स्वतः बंद करणार आहे. येसू ऐकत होती. सोललेले दाणे एका बाजूला, टरफलं दुसऱ्या बाजूला.

"मला कळला व्हता त्यो परश्न," ती म्हणाली. "मी डावाच दिला व्हता."

काय म्हणावं ते न सुचल्यावर शालूबाई जे नेहमी करते तेच तिनं केलं, ती चिडली.

"मंग बोलायचं न्हाईस? कळत व्हतं तर बोलायचं तोंडावर. मला गप करायचं. तोंड शिवलं व्हतं का तुजं?"

येसूनं सूप खाली ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर शालूबाईला सोपं गेलं असतं.

"तुमी मारलं, मावशी. मला वाटलं, तुमी मोठ्या, तुमालाच ठाव आसंल."

कुंपणाजवळ कोंबड्या माती उकरत होत्या. शालूबाईनं तिकडं तोंड वळवलं. मग म्हणाली, की त्या मशीनवाल्या पोरीनं विचारलं होतं, कुणी बोललं का म्हणून. आणि मी ठाव न्हाई म्हणाले.

चढून आलेल्या माणसाला अजून पाणी विचारलं नाही, हे येसूच्या ध्यानात आलं असावं. तिनं शेजारच्या कळशीतून पेला भरला. भरलेला पेला तिच्या डाव्या हातात होता. तिनं तो पुढं केला, शालूबाईच्या तोंडाकडं पाहिलं, आणि घाईनं उजव्या हातात घेतला. बोटांनी धरला नाही. पेला सुटला, दगडावर आपटला आणि पाणी सारवलेल्या अंगणात पसरलं.

"ऱ्हाऊ दे," येसू पुसायला वाकली तशी शालूबाई म्हणाली. तिनं पेला उचलला, पदरानं पुसला आणि येसूपुढं ठेवला. "परत भर. आन कुटल्या हातानं द्यायचं, ते तुजं तू ठरव."