पाचवी कोंबडी

ऋग्वेदाने कोंबड्या पाळल्या, हे सुरेखाला कधी पटलंच नाही. मुलगी वाढली सिंगापुरातल्या सेंगकांगच्या नवव्या मजल्यावर, आणि शिकायला गेली ती थेट कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या बर्फात. जनावरांची सर्जन व्हायचं होतं तिला. तिथे गावाबाहेर तिने एक जुनं घर भाड्याने घेतलं. मागच्या अंगणात लाकडी खुराडं रिकामं पडलं होतं, म्हणून पाच कोंबड्या आणल्या.

"अगं, पण कशासाठी?" सुरेखाने विचारलं होतं.

"घरी आल्यावर कोणीतरी आवाज करतं, आई. सो क्वाएट हिअर, लाह."

सुरेखाने फोन नवऱ्याच्या, मनोहरच्या, हातात दिला.

मनोहरला मात्र त्यात गोडी लागली. वन-नॉर्थच्या ऑफिसला जाताना एमआरटी मेट्रोत तो कोंबड्यांविषयी वाचायचा. थंडीतही खुराडं पूर्ण बंद करायचं नाही, वरच्या बाजूला झरोका ठेवायचा, नाहीतर आतला ओलावा साठून तुरे गोठतात. बसायची दांडी रुंद हवी, म्हणजे पायाची बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. खाली कोरडा पेंढा जाड अंथरायचा. गरम दिवा टांगायचा नाही, आगीची भीती. हे सगळं ऋग्वेदाला कॉलेजात शिकवलेलं होतं. तरी बाबा सांगतोय म्हणून ती ऐकून घ्यायची.

जानेवारीत तिथे थंडीची लाट आली. उणे एक्केचाळीसपर्यंत पारा उतरेल असं सांगत होते. ऋग्वेदाने कोंबड्यांच्या तुऱ्यांना व्हॅसलीन चोळलं, पेंढा बदलला, आणि फोटो पाठवले. पाचही जणी दांडीवर पिसं फुगवून बसल्या होत्या.

शनिवारी सकाळी मनोहर आणि सुरेखा पंख्याखाली पोहे खात बसले होते, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे शुक्रवारची संध्याकाळ होती, अंधारत आलं होतं. घरातली वीज गेलेली. तोंडावरून गुंडाळलेला मफलर श्वासाने पांढरा झाला होता.

"बाबा, वाऱ्याने खुराड्याचं छप्पर उडालं. आत बर्फ पडतोय. मी त्यांना बाथरूममध्ये आणतेय."

"एकटीच? शेजारी कोणी नाही?" सुरेखा म्हणाली.

"शेजारी लांब आहेत, आई. गाडीपण सुरू होत नाहीये."

तिने फोन कुंपणाच्या खांबावर टेकवून ठेवला, बोलायला सोबत म्हणून. दोघं बघत राहिले. एकेक कोंबडी जॅकेटमध्ये घालून ती घरात नेत होती आणि वाकून वाऱ्यातून परत येत होती. तिसरीच्या वेळी तिचा पाय पाण्याच्या भांड्याला लागला. तिने नुकतंच कोमट पाणी भरलं होतं. भांडं सावरायला गेली, तर ते सगळं उजव्या हातमोज्यावर सांडलं.

"आत जा!" सुरेखा ओरडली. "ऋग्वेदा, आधी हात कोरडा कर!"

"वन मिनिट, आई. दोनच राहिल्यात."

चौथी आत गेली. ऋग्वेदा परत आली तेव्हा हातमोजा गोठून कडक झाला होता. त्याने कुंपणाच्या फाटकाची कडी उघडेना, म्हणून तिने तो दातांनी ओढून काढला.

"पाचवी कुठे आहे?" मनोहरने विचारलं.

"खुराड्याखाली गेलीये. दिसतेय मला."

तिने उघड्या हाताने लोखंडी कडी धरली आणि किंचाळली. हात कडीला चिकटला होता. मनोहर उभा राहिला, जसं काही दारापलीकडेच ती होती. तिने हात झटकून सोडवला, तशी कडी निघाली. मग ती बर्फात पालथी झाली आणि खांद्यापर्यंत हात खुराड्याखाली घातला.

"ये ना गं, ये," ती मराठीत म्हणत होती. "ये ना."

तेवढ्यात स्क्रीन काळा झाला. थंडीने फोन बंद पडला होता.

सुरेखाने पुन्हा लावला. मग मनोहरने लावला. मग दोघांनी आपापल्या फोनवरून आळीपाळीने. तिथला इमर्जन्सी नंबर सिंगापूरहून लागेना. मनोहरने गावाच्या पोलिसांचा नंबर शोधला. पलीकडच्या बाईने पत्ता विचारला. त्याला रस्त्याचं नाव आठवलं, घराचा नंबर आठवेना. सुरेखाने कपाटातून कुरिअरचं जुनं खोकं खाली ओढलं आणि त्यावरून वाचून दाखवलं.

"रस्ते बंद आहेत," बाई म्हणाली. "बर्फ काढणारी गाडी पुढे घालून माणूस पाठवते. तुम्ही फोन मोकळा ठेवा."

खाली प्लेग्राउंडवर मुलं ओरडत होती. एलआरटीची ट्रेन गेली. सुरेखा देवापुढे बसली नाही, रडली नाही. पोह्यांच्या बशा तिने घासल्या, पुसल्या, आणि पुन्हा घासल्या. मनोहर घामाने भिजला होता.

"मी पाचवीचं विचारायला नको होतं," तो म्हणाला.

सुरेखाने तीच बशी पुन्हा नळाखाली धरली.

दुपार कलली तेव्हा पोलिसांचा फोन आला. ऋग्वेदा जिवंत होती. बाथरूममध्ये जमिनीवर, कोंबड्यांच्या मध्ये बसलेली सापडली. चार्जर लावायला वीज नव्हती. उजवा हात तिने पोटाशी धरला होता. पाचवी कोंबडी मांडीवर होती, मेलेली.

तर्जनीची आणि मधल्या बोटाची दोन-दोन पेरं काढावी लागली. डॉक्टरांनी ती काळी पडायची वाट पाहिली. कुठपर्यंत कापायचं ते त्याशिवाय कळत नाही. हॉस्पिटलमधून तिने फोन केला तो मनोहरने उचलला.

"बाबा, तू नसतं विचारलंस तरी मी गेले असते," ती म्हणाली.

"ते मला माहीत आहे," तो म्हणाला. पुढे त्या विषयावर ते दोघं कधीच बोलले नाहीत.

मे महिन्यात ती सिंगापूरला आली. एलआरटीत उजवा हात पिशवीमागे ठेवायची. कॉलेजने सर्जरीऐवजी लॅबचा विचार करायला सुचवलं होतं. तिने अजून कळवलं नव्हतं. उरलेल्या चार कोंबड्या एका शेतकऱ्याकडे दिल्या होत्या. त्यातल्या दोघींचे तुरे झडले, एवढंच तिने सांगितलं.

एका सकाळी ती बेडोकच्या मार्केटमधून कोंबडीची तंगडी घेऊन आली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, तंगडी ठेवली, ब्लेडने चीर दिली आणि वाकडी सुई डाव्या हातात धरली. टाका घालून गाठ मारायला लागली. उजव्या हाताच्या थोट्या बोटांमधून दोरा निसटला. तिने पुन्हा घातला. पुन्हा निसटला. तंगडी टेबलावर सरकत होती.

मनोहर दारातूनच परत फिरला. त्याच्याने बघवेना.

सुरेखा स्वयंपाकघरातून आली. खुर्ची ओढून समोर बसली. ती आयुष्यात कधी मांसाला शिवली नव्हती. तिने पदराने हात पुसले आणि तंगडी दोन्ही बाजूंनी घट्ट धरली.

"आई, राहू दे."

"घाल तू टाका," सुरेखा म्हणाली.

ऋग्वेदाने सुई टोचली, दोरा ओढला, गाठ मारली. ती सुटली. तिने दोरा कापून टाकला आणि नवा घेतला.