नुसत्याच चौकटी

चष्म्याचं दुकान दोघा भावंडांचं होतं. ताई डोळे तपासायची आणि धाकटा भाऊ मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. धाकटा इतका उंच की दारातून वाकून आत यावं लागे, म्हणून सगळे त्याला टिल्लू म्हणत.

नव्या फ्रेमचा माल आला तसं टिल्लूच्या अंगात आलं. त्याने एकेक फ्रेम पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढले, मेलमध्ये सुबक मांडले, वर ठळक अक्षरांत ‘नव्या फ्रेम पाहा!’ आणि तळाशी ‘डोळे शेवटचे कधी तपासले?’ असं लिहिलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवून दिलं. ताईला स्वतःच्या कॉम्प्युटरवर दाखवलं. मेल खरंच देखणा झाला होता.

दुसऱ्या दिवशी ताईने दुकानाचं शटर वर केलं, तर गाणं शिकवणाऱ्या बाई समोर उभ्याच.

“ताई, माझं काही खरं नाही,” खुर्चीत टेकता टेकता बाई म्हणाल्या. “अक्षरं दिसतात, पण चित्रं दिसत नाहीत. असा कुठला रोग असतो हो?”

ताईने काचा बदलून पाहिल्या, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. बाईंनी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत खाडखाड वाचला. नंबर जागचा हललेला नव्हता.

“चित्रं म्हणजे कुठली चित्रं, बाई?”

“तुमच्याच मेलमधली! नव्या फ्रेम पाहा म्हणता आणि खाली नुसत्या रिकाम्या चौकटी. वर विचारता, डोळे कधी तपासले? म्हणून उठल्या उठल्या आलेच.”

ताईला हसू आवरेना. बाईंची समजूत घालून ती त्यांना दारापर्यंत सोडते तोच फोन वाजला. पलीकडे एक वकील होते. “फ्रेम पाठवल्यात, त्या पोहोचल्या. आता त्यांच्या आत काहीतरी घालून पाठवा,” असं म्हणून ते खो खो हसले.

“टिल्लू!” ताईने हाक मारली.

टिल्लू हात पुसत बाहेर आला आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “लोकांचे फोन जुने असतील गं. माझ्याकडे बघ की, कसं झकास दिसतंय!”

“तुझ्याकडे दिसतंय ते मी कालच पाहिलं. माझ्या फोनवर पाठव.”

त्याने पाठवलं. ताईच्या फोनवरही चौकटीच. वर ‘चित्रे दाखवा’ अशी बारीक ओळ होती, ती तिने दाबली. चौकटी होत्या तशाच राहिल्या.

“नेट गेलं असेल,” टिल्लू म्हणाला.

“गेलं असतं तर तुझा मेल कसा आला? थांब, एका वेळी एकच गोष्ट बदलू.” डोळे तपासतानाही तिची हीच रीत होती. “कालच्या फोटोंचं फोल्डर कुठंय? त्याचं नाव बदल आणि तुझ्याकडचा मेल पुन्हा उघड.”

“त्याने काय होणार?” असं पुटपुटत टिल्लूने नाव बदललं, मेल उघडला. त्याच्याही मेलमध्ये आता चौकटीच चौकटी.

“म्हणजे फोटो मेलबरोबर गेलेच नाहीत,” ताई म्हणाली. “गेला तो फक्त फोटोंचा पत्ता. तुझ्या टेबलावरच्या या डब्यातला. लोकांच्या फोनने तो शोधायचा तरी कुठे?”

टिल्लूचे कान लाल झाले. “मी म्हटलं, मेलवर ओढून टाकले की गेले आत.”

“आता दुकानाच्या वेबसाइटवर चढव आणि तिथला पत्ता दे. आणि प्रत्येक फोटोमागे दोन शब्द लिही, गोल फ्रेम, निळी दांडी, असं काहीतरी. अनोळखी मेलमधली चित्रं बरेच फोन आधी दाखवतच नाहीत. निदान चौकटीत काय होतं ते तरी कळू दे माणसाला.”

टिल्लू कामाला लागला. फोटो चढतच होते, तेवढ्यात दारात घड्याळजी उभे राहिले. मागे त्यांच्या बायकोचा हात, पाठीवर. ढकलत आणलं होतं हे उघड होतं.

“याला चित्रं दिसत नाहीत,” काकू म्हणाल्या. “आणि हल्ली घरात कपबश्या पण दिसत नाहीत. रोज एक फुटते.”

“अगं, बशी मुळात काठावर कशाला ठेवायची?” घड्याळजी भडकले. “केसाएवढी स्प्रिंग बसवतो मी! माझ्या डोळ्यांत खोट काढतेय ही!”

टिल्लूला राहवलं नाही. “काका, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. चूक माझी झाली. मेलमध्ये फोटो गेलेच नव्हते. काकू, तुम्हाला तरी दिसले का?”

काकू गोंधळल्या. “मी कुठे पाहिले? हाच म्हणाला...”

“ऐकलंस?” घड्याळजींची कळी खुलली. “चल आता. दुकान बंद ठेवून आलोय.” ते मोठ्या ऐटीत वळले आणि डाव्या बाजूचा चष्म्यांचा अख्खा स्टँड खांद्याने आडवा केला.

टिल्लू धावला. काकूंनी कपाळाला हात लावला. ताई मात्र स्टँडकडे पाहतच नव्हती. स्टँड चांगला माणसाएवढा उंच होता, पिवळाधमक होता, आणि घड्याळजी आत येताना त्याच्याच शेजारून आले होते.

“काका,” ती म्हणाली, “आलाच आहात तर बसा ना. चहा सांगते. तोवर एक तपासणी करून टाकू.”

तक्ता घड्याळजींनी बाईंपेक्षाही झपाट्याने वाचला. ताईने डोळ्यातलं प्रेशर मोजलं, आकडा पाहून पुन्हा मोजलं, आणि त्यांना बाजूच्या मशीनपाशी बसवलं. “समोर बघत राहायचं. कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं.”

घड्याळजी टकाटक बटण दाबू लागले. मग थांबले. बराच वेळ तसेच बटणावर अंगठा ठेवून बसले.

“ताई, मशीन बंद पडलं वाटतं.”

ताईच्या समोरच्या स्क्रीनवर ठिपके एकामागून एक उमटत होते.

“नाही, काका,” ती हळूच म्हणाली. “ठिपके येताहेत.”

घड्याळजींनी बटणावरचा अंगठा उचलला आणि हात मांडीवर ठेवला.

“काचबिंदू असावा, असं मला वाटतंय,” ताईने सांगितलं. “मधलं सगळं लख्ख दिसतं, कडा तेवढ्या गुपचूप जातात. तुम्ही दिवसभर भिंगातून नेमकं मधलंच बघता, म्हणून पत्ता लागला नाही. गेलं ते परत येत नाही, पण उरलंय ते औषधाने राखता येतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना मी आत्ता फोन करते, आजच जा.”

“बशीचं मी उगाच बोलले रे,” काकू म्हणाल्या.

“बशी काठावरच होती,” घड्याळजी म्हणाले, पण त्यांनी काकूंचा हात धरला.

डॉक्टरांनी ताईचाच अंदाज खरा ठरवला आणि रोज घालायचे थेंब दिले. पुढच्या तपासणीत प्रेशर उतरलेलं निघालं. घड्याळजी आता मान वळवून बघायला शिकले होते, आणि रस्ता ओलांडताना बायकोला आपल्या डाव्या हाताला ठेवत होते. टिल्लूचा दुरुस्त केलेला मेलही सगळीकडे पोहोचला. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी तर निळ्या दांडीची फ्रेम फोटो बघूनच ठरवली.

एका दुपारी घड्याळजी आणि काकू पुन्हा दुकानात आले. ताईने सवयीने काकांपुढे खुर्ची ओढली.

“माझं झालंय,” ते म्हणाले. “हिचे तपासा. जन्मात तपासलेले नाहीत. सुईत दोरा ओवायला मला बोलावते.”

“मला काही झालेलं नाही!” असं म्हणत काकू खुर्चीत बसल्या. ताईने दिवा मालवला, तक्ता उजळला. पहिल्या दोन ओळी झाल्यावर काकू अडखळल्या.

“अंदाजपंचे ठोकू नकोस हं,” पडद्याआडून घड्याळजींचा आवाज आला. “दिसत नसेल तर दिसत नाही म्हणून सांग.”

“तू गप्प बस,” काकू म्हणाल्या, आणि पुढे वाकून तिसऱ्या ओळीकडे डोळे बारीक करून पाहू लागल्या.