पाणी कसं होतं

शुभदा मॅडमनी सत्यमला तिसऱ्यांदा थांबवलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"अरे, 'मला पोहायला आवडतं' हे काय सांगतोस? पोहायला माझ्या भाच्यालाही आवडतं. तुला का घ्यायचं त्यांनी?"

लोणावळ्याच्या त्या कॉलेजात करिअर सेल म्हणजे जिन्याखालची खोली, दोन खुर्च्या, एक लॅपटॉप आणि शुभदा मॅडम. बाई मात्र जिद्दीच्या. मुलांचे अर्ज रविवारी घरी बसून तपासायच्या, चुकलं की कान उपटायच्या. बंगळूरच्या एका संस्थेत नद्या आणि धरणांच्या अभ्यासाचा वर्षभराचा कोर्स होता. राहणं-खाणं त्यांच्याकडे, पुढे नोकरीची वाट मोकळी. देशभरातून वीस मुलं घेणार. मावळातलं तिथे आजवर कोणी गेलं नव्हतं. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला असलेला, तिकोणा पेठ गावचा सत्यम मुलाखतीपर्यंत पोचला होता, आणि आता ऐन वेळी त्याला वाचा फुटत नव्हती.

"कधी कुणाला मदत केलीयस? एखादा अवघड प्रसंग?"

सत्यम मान खाली घालून म्हणाला, "आम्ही बुडालेली माणसं काढतो, मॅडम. पवना धरणातून. वडील आणि मी."

मॅडम त्याच्याकडे बघतच राहिल्या. "आणि हे तू लपवून ठेवलंस?"

लपवलं कसलं! ते बोलायचं नसतं, एवढंच. धरण झालं तेव्हापासून त्या घराची ही रीत, आजोबांनी घालून दिलेली. कोणी बुडालं की पोलिसपाटलाचा फोन येतो, सत्यमचे वडील सोपानभाऊ खुंटीवरचा दोर काढतात आणि निघतात. सापडलेलं माणूस त्याच्या माणसांच्या हाती द्यायचं, त्यांचा चहासुद्धा घ्यायचा नाही, घरी येऊन अंघोळ करायची आणि त्यावर पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. नंदाबाईंनी संसाराच्या पंचवीस वर्षांत नवऱ्याला एकदाही विचारलं नव्हतं, की आज कोण होतं.

पण मॅडमचं तरी काय चुकलं? बाकीच्या मुलांकडे शिबिरं होती, स्पर्धा होत्या, सर्टिफिकेटांच्या फायली होत्या. सत्यमकडे हे होतं. चार दिवस त्यांनी त्याच्याकडून घोकून घेतलं. प्रसंग काय, तू काय केलंस, काय शिकलास. सगळं पाच मिनिटांत बसलं पाहिजे.

मुलाखत लॅपटॉपवर झाली. पलीकडे तिघं जण होते. सत्यमनं गेल्या वर्षीच्या जानेवारीतला मुलगा सांगितला. काठावर तंबूत राहायला आलेला, त्याच्याच वयाचा, एका पायात बूट तसाच. तो सापडला तोवर त्याची आई येऊन पोचली होती. ती रडली नाही. सत्यमचा ओला हात दोन्ही हातांत धरून तिनं एवढंच विचारलं, "पाणी फार गार होतं का रे?"

"मी म्हणालो, नाही काकू, कोमट होतं," सत्यम म्हणाला. "खरं तर इतकं गार होतं की तासभर माझी बोटं वळत नव्हती. मी खोटं बोललो. त्या दिवशी मला कळलं की..."

काय कळलं ते पुढे कुणी ऐकलं असेल-नसेल. पलीकडच्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. दाराशी उभ्या असलेल्या मॅडमनी आनंदानं मूठ आवळली. आठ दिवसांत निवडीची मेल आली.

तुम्ही-आम्ही असतो तर गावभर सांगत सुटलो असतो. नंदाबाईंनी शिरा केला. सोपानभाऊंनी लेकाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. ताटावर बसल्यावर त्यांनी सहज विचारलं, "इचारलं काय रं त्यांनी?"

सत्यमला काहीही सांगता आलं असतं. त्यानं सगळं खरं सांगितलं, त्या आईच्या प्रश्नासकट.

सोपानभाऊंचा घास हातातच राहिला. "सांगू का म्हनून त्या माउलीला इचारलंस?"

"तिचं नावबी म्हाईत न्हाई आपल्याला, आबा."

"नाव म्हाईत न्हाई म्हनून तिचं दुख तुजं झालं व्हय?"

"आवो, पोराचं चांगलं झालंय," नंदाबाई म्हणाल्या, "गोड घास तरी खाऊ द्या त्याला."

"मी कुटं वाईट म्हंतोय?" सोपानभाऊ उठले, हात धुतले. "जाऊ दे की त्याला. शिकू दे. पर ह्यो आता पान्यात उतरनार न्हाई. खाली गेल्यावर ह्याला मानूस दिसंल का गोष्ट, मला काय म्हाईत."

सत्यमला वाटलं, राग आहे, उतरेल. पण दोन दिवसांनी संस्थेची दुसरी मेल आली. निवडलेल्या वीसही जणांच्या गोष्टी वेबसाइटवर टाकायच्या होत्या. मुलाखतीच्या रेकॉर्डिंगवरून मजकूर त्यांनीच तयार केला होता. सत्यमचा फोटो, धरणाचं नाव, साल, महिना, आणि वर मोठ्या अक्षरांत, 'पाणी गार होतं, मी कोमट म्हणालो.' सोमवारी प्रसिद्ध करणार होते.

सत्यमनं ते दोनदा वाचलं. आपलं पोर जिथे गेलं त्या धरणाचं नाव ती बाई मोबाइलवर कितीदा शोधत असेल! एक ना एक दिवस हे तिच्यासमोर येणारच. त्या दिवशी त्यानं तिला एकच शब्द दिला होता. तोच आता तो परत काढून घेणार होता, आणि वर स्वतःचा हसरा फोटो लावून.

त्यानं धावतपळत लोणावळा गाठलं. मॅडमनी त्याच्यासमोर फोन लावला, विनवलं, शेवटी आवाजही चढवला. पलीकडचे लोक गोडच बोलत होते. धरणाचं नाव हवं तर काढतो म्हणाले, पण फोटो सगळ्यांचेच लागतात. आणि तो चेहरा त्या बाईनं हातभर अंतरावरून पाहिलेला होता.

"मी जागाच सोडली तर?" सत्यमनं विचारलं.

मॅडमनी मान हलवली. "रेकॉर्डिंग त्यांच्याकडेच राहणार. तू फॉर्मवर सही केलीयस. मीच करायला सांगितली." त्यांचा चेहरा उतरला होता. "आज नाही तर पुढच्या वर्षी वापरतील. गोष्ट फार आवडलीय त्यांना."

रविवारी दुपारी सत्यम एकटाच धरणाच्या काठी जाऊन बसला. तास-दीड तास त्यानं मोबाइलवर काही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी राहिल्या त्या चार ओळी. मुलाखतीत मी तुम्हाला फसवलं. त्या आईनं विचारलं हे खरं, पण पाणी त्या दिवशी कोमटच होतं. निवड व्हावी म्हणून मी ते गार केलं. माफ करा.

खोटी निघालेली गोष्ट कोणी छापत नाही, एवढं त्याला कळत होतं. त्यानं ते पाठवलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी सकाळी आलं. निवड रद्द, मजकूर मागे घेतला. त्यानं घरी सांगितलं, "आबा, मी जात न्हाई. आन् ती गोष्ट आता कुटंच येनार न्हाई."

कसं जमवलं हे सोपानभाऊंनी विचारलं नाही. त्या घरात विचारत नाहीतच. ते लेकाकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. "मी जाऊ नगं म्हनलो न्हवतो रं," ते म्हणाले. "जाऊ नगं कुटं म्हनलो मी?" मग त्यांनी खुंटीवरचा दोर काढला, सत्यमच्या पुढ्यात ठेवला आणि बाहेर निघून गेले.

मॅडमना संस्थेच्या लोकांकडून फोनवर नाही नाही ते ऐकून घ्यावं लागलं. बुधवारी त्यांनी सत्यमला जिन्याखालच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"माझ्या ओळखीचे एक सर आहेत तिथे. त्यांच्याशी बोलणं झालंय माझं," त्या म्हणाल्या. "तुझी जागा अजून भरलेली नाही. मुलगा घाबरला, म्हणून तसं लिहिलं, असं मी सांगते. पण त्याआधी ते तुला एकदा फोनवर विचारणार. मला माहितेय रे खरं काय ते. फक्त तू तुझ्या तोंडानं त्यांना सांग."

त्यांनी नंबर लावला आणि मोबाइल त्याच्यापुढे धरला. पलीकडून एका वयस्कर माणसाचा शांत आवाज आला.

"सत्यम, घाबरू नकोस. मला फक्त खरं काय ते सांग. त्या दिवशी पाणी कसं होतं?"

सत्यमनं हाताची बोटं मिटली, उघडली. मॅडम डोळ्यांनीच त्याला विनवत होत्या.

"कोमट होतं, सर," तो म्हणाला.