फक्त मान हलवायची

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. काल ताईच्या होणाऱ्या सासरचे घरी आले होते, लग्नाचं पक्कं करायला. मुलगा ताईनंच निवडलेला, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता बाबांचा! आयुष्यभर छापखान्यात मशीनशेजारी उभे राहिलेत, कान पार गेलेत, आणि बोलतात ते अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं.

ताई सकाळपासून मागे लागलेली. "बाबा, ते कानातलं मशीन काढून ठेवा ना, कसंतरीच दिसतं. आणि बोलू नका हं. मी सांगितलंय, तुमचं वाचन दांडगं आहे, तुम्ही मितभाषी आहात."

"अगं, पण त्यांनी काही विचारलं तर?"

"हसायचं. फक्त मान हलवायची. बास!"

मग काय, मशीन कपाटात, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर शेजारच्या काकांचं जाडजूड पुस्तक. बाबा असे ऐटीत बसले, मलाच परके वाटायला लागले. आईनं तर आवाजच बदलला, बातम्या सांगतात तसा!

चहा झाला, आणि सासूबाई बाबांकडे वळल्या. "आमची एकच अट. लग्नानंतर हिनं हॉस्पिटल सोडायचं. नर्सची नोकरी, रात्रपाळ्या, आमच्या घरात नाही चालायचं ते. तुमची काही हरकत?"

बाबा हसले. इतकं समंजस हसले ना! आणि मान हलवली.

अगं, आत्ताच कुठे ताई लहान मुलांच्या वॉर्डची इन्चार्ज झालीये. किती नाचली होती त्या दिवशी! पण आता ती काय बोलणार? बापाचा होकार त्यांच्यादेखत खोडायचा, नाहीतर बाबांना ऐकूच येत नाही म्हणून सांगायचं. तो मुलगा तर बशीतलं बिस्किट चहात बुडवत बसला, मेला.

"बाप असावा तर असा," सासूबाई म्हणाल्या. "एक शब्द वाया घालवला नाही!"

ते गेले. ताई स्वयंपाकघरात कप विसळत होती, पाठमोरी. बाबा आले ते मोठ्यानं ओरडतच, लहान पोरासारखे खूश. "जमलं की नाही मला? अं? कुठे चुकलो नाही ना?"

ताईचे हात थांबले. नळ तसाच वाहत होता.

बाबांनी माझा खांदा धरला. "त्या बाई काय विचारत होत्या गं मला?"

सांग, तू काय सांगितलं असतंस?