सात कडव्यांचा झरा

“आलं! पाणी आलं!”

चॅपलमागच्या झऱ्याभोवती निम्मं गाव जमलं होतं. कोरड्या दगडी कुंडात पाणी खळखळत चढलं, तसे बायकांचे रुमाल डोळ्यांना लागले. चॅपलमध्ये उपदेश करणाऱ्या ब्रदर पार्जिटरने प्रार्थनेचं पुस्तक छातीशी धरलं.

“इडिथबाई, तुम्ही विचारलंत आणि पाणी आलं, म्हणजे रॉनी ‘हो’ म्हणाला! लेकरू बोलावतंय तुम्हाला. त्या गोळ्या फेका, हे पाणी प्या.”

इडिथ माझी धाकटी बहीण. तिचा एकुलता एक रॉनी मार्चमध्ये चुनखडीच्या खाणीत दरडीखाली गेला. तेव्हापासून ती रडली नव्हती. बस म्हटलं की बसायची, ऊठ म्हटलं की उठायची. आता हृदयाच्या गोळ्याही बंद केल्या होत्या. सुजलेले पाय बुटांत मावत नव्हते. मी समजावलं की “बरं, दादा” म्हणायची, आणि गोळी तशीच राहायची. माझ्याही आत काही हलेनासं झालं होतं.

इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या आमच्या या जुन्या गावात दर मे महिन्यात झरे फुलांनी सजवतात. त्या आठवड्यात मी शाळेतल्या मुलांना पाचही झऱ्यांवर पायी नेतो. चॅपलमागचा झरा मधूनच येतो, मधूनच थांबतो, हे सगळ्यांना ठाऊक. किती वेळाने येतो, ते कुणी मोजलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मोजलं माझ्या वर्गातल्या दहा वर्षांच्या नेलने.

“मास्तर, पाणी येण्याआधी ब्रदर आज भजनाची तीनच कडवी म्हणाले. गेल्या आठवड्यात सात म्हणायचे.”

“घाई असेल त्यांना.”

“छे! काल पाऊस पडला ना! कोरड्यात पाणी वीस मिनिटांनी येतं, आज नऊ मिनिटांनी आलं. आणि त्यांच्या पुस्तकात घड्याळ लपवलेलं आहे. पान उलटताना दिसलं मला.”

मला वक्रनळीचा प्रयोग आठवला. मग वर्गात आम्ही एका डब्याच्या बुडाला रबरी नळी जोडली, ती वर नेऊन वाकवली आणि टोक खाली सोडलं. डबा नळाच्या थेंबांनी भरत गेला. पाणी नळीच्या वाकापर्यंत चढेतो काहीच नाही. वाक ओलांडला आणि सगळा डबा भसाभसा रिकामा झाला. पुन्हा भरू लागला. डोंगराच्या पोटात असाच एक डबा आहे. पाऊस पडला की तो लवकर भरतो.

रविवारी तो डबा मी झऱ्यापाशी सगळ्यांना दाखवला.

“मास्तर, तुमच्या डब्यात देव मावायचा नाही!” ब्रदर म्हणाला. लोक हसले.

“मग पुस्तक उघडून दाखवा,” नेल म्हणाली. त्याने ते काखेत दाबलं. तिने स्वतःच्या घड्याळाकडे पाहिलं. “दोन मिनिटांत पाणी येईल. कुणीही काहीही विचारा. उत्तर ‘हो’च येणार.”

कुणी पुढे होईना. मग इडिथ उठली. सपाट आवाजात तिने विचारलं,

“रॉनी, तू जिवंत आहेस का?”

कुंडात पाणी खळखळत चढलं.

या वेळी “आलं” असं कुणी ओरडलं नाही.

“बाई, याचा अर्थ असा की—” ब्रदर सुरू झाला.

“मी त्याला मातीत ठेवलंय,” इडिथ म्हणाली. “दादा, गोळ्या आहेत?”

त्या माझ्या कोटाच्या खिशातच असायच्या. नेलच्या थर्मासमधल्या चहाबरोबर तिने एक गिळली. रडली नाही. नेलचं घड्याळ मागून घेतलं आणि पुढचं पाणी कधी येतं ते बघत बसली.

मुलांनो, दुःखात माणसाला उत्तर हवं असतं, आणि ते द्यायला कुणीतरी हजर असतं. लाजू नका. घड्याळ काढा, मोजा, आणि ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा दुसरा प्रश्न विचारा.